क्लासिक पिकअपचं पुढचं सस्पेन्शन खाली आणायचं की नाही: ठरवण्याची पद्धत आणि कामाचा क्रम

बहुतेक गाड्यांचं काम उलट्या क्रमानं होतं. आधी फोटोतली एखादी गाडी आवडते, तिच्यावरून ‘३ इंच’ असा आकडा ठरतो, स्प्रिंग येतात, बसतात. मग पहिल्याच खड्ड्यात चासीवर घण बसल्यासारखा आवाज येतो, चाकं वरून आत झुकलेली दिसतात आणि अलाइनमेंटवाला सांगतो की शिम (चाकाचा कोन जुळवायच्या पातळ पट्ट्या) संपल्या. गाडी किती इंच खाली यावी हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. खाली आल्यावर चाकाला वर जायला किती जागा उरेल, हा प्रश्न पहिला.

इथे विचार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या अमेरिकी अर्ध्या टनाच्या (हे ओझं पेलण्याच्या वर्गाचं नाव) पिकअपचा आहे: शेव्हरोले सी-१०, फोर्ड एफ-१०० आणि त्यांच्या आधीची सरळ ॲक्सलची मॉडेल्स. फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचं गणित वेगळं असतं, तिथे यातलं काही लावू नका.

१. आजची उंची मोजा, पण मडगार्डवरून नको

मडगार्डच्या कमानीपासून जमिनीपर्यंतचं माप सगळे घेतात आणि तेच फसवतं. जुन्या पिकअपचं मडगार्ड, कॅबचे रबर माउंट, रेडिएटर सपोर्ट हे सगळं दहादा उघडून बसवलेलं असतं. दोन बाजूंत अर्धा-पाऊण इंच फरक नुसत्या पत्र्याचा असू शकतो. माप चासीवरून घ्या.

- गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर. टायरमध्ये नेहमीची हवा, टाकीत किमान अर्धं इंधन, मागच्या हौद्यात नेहमी असतं तेवढंच सामान.
- गाडी ४-५ मीटर पुढे-मागे ढकला, पुढचा बंपर दोन-चार वेळा दाबून सोडा. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी चाकं जमिनीला अडकल्यामुळे १ इंचापर्यंत उंच उभी राहते. त्या अवस्थेतलं माप निरुपयोगी.
- चारही कोपऱ्यांवर चासीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. जागा डावी-उजवीकडे तंतोतंत सारखी हवी, म्हणून तिथे खडूची खूण करा.
- पुढे खालच्या आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणारा हलता दांडा) आतल्या बोल्टचं केंद्र ते जमीन आणि चाकाचं केंद्र ते जमीन, ही दोन मापं वेगळी लिहा.
- बंप स्टॉपचा (चाक फार वर गेलं की अडवणारा) रबर आणि तो जिथे टेकतो ती जागा यांच्यातली मोकळी फट दोन्ही बाजूंना मोजा.

शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हमखास तेच राहून जातं. दुहेरी आर्मच्या सस्पेन्शनमध्ये बंप स्टॉप चाकापासून बराच आत असतो, म्हणून फटीचा आकडा थेट चाकाचा प्रवास नव्हे. आर्मच्या आतल्या बोल्टपासून बंप स्टॉपपर्यंतचं आडवं अंतर आणि त्याच बोल्टपासून बॉल जॉइंटपर्यंतचं (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) अंतर मोजा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. उत्तर ०.५ आलं तर १.५ इंच फट म्हणजे चाकाला सुमारे ३ इंच वर जायची जागा. बंप स्टॉपच्या जागी स्प्रिंगचं केंद्र घेऊन तेच माप काढलं की स्प्रिंगचं गुणोत्तर मिळतं. तेही लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

तपासणी: डाव्या-उजव्या चासीत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर आज खाली आणायचा विचार बाजूला ठेवा. आधी तो फरक कुठून आला ते शोधा. मोडकं स्प्रिंग, वाकलेली चासी किंवा नीट न बसलेलं स्प्रिंग, यातलं काहीतरी निघेल.

आणखी एक शक्यता: गाडी आधीच खाली बसलेली असते. पन्नास-साठ वर्षांचं स्प्रिंग १ ते १.५ इंच दबलेलं असलं तर नवल नाही. अशा गाडीत ‘२ इंचांची’ स्प्रिंग घातली की मालकाला वाटतं काहीच झालं नाही, कारण प्रत्यक्षात फरक अर्ध्या ते एक इंचाचाच पडतो. विक्रेत्याचा आकडा कारखान्याच्या मूळ उंचीपासून असतो, तुमच्या आजच्या उंचीपासून नव्हे.

२. झिजलेलं आधी बाजूला काढा

ढिल्या सांध्यांवर उंची बदलली की दोष कोणाचा ते कळत नाही. पुढची चाकं जमिनीपासून उचला, चासी स्टँडवर घ्या. वजन पेलणाऱ्या बॉल जॉइंटचा खेळ मोकळ्या लटकलेल्या चाकात दिसत नाही. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा, म्हणजे सांध्यावरचा ताण सुटेल.

- चाक वर-खाली धरून हलवा: बॉल जॉइंट किंवा किंगपिन (जुन्या गाड्यांत चाक ज्या खिळीभोवती वळतं ती), आणि बेअरिंग. सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा होता.
- डावी-उजवीकडे धरून हलवा: टाय रॉडची (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) टोकं, आयडलर आर्म (त्या जोडणीचा दुसऱ्या बाजूचा आधार), स्टिअरिंग बॉक्स.
- पहारीनं आर्मचे बुश (सांध्यातली रबरी अस्तरं) दाबून पाहा. रबर फाटलेला किंवा बाहेर फुगलेला असेल तर बदलायच्या यादीत.
- स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला बसतो तिथे रंगाखाली भेगा आहेत का ते तारेचा ब्रश मारून बघा. जुन्या पिकअपमध्ये ही जागा तुटते, आणि रुंद टायर लावल्यावर लवकर तुटते.

यादीत दोनहून जास्त गोष्टी निघाल्या तर पैसे आधी तिथे घाला. नवे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअप पडल्यावर गाडी इतकी वेगळी चालते की अनेकांची खाली आणायची हौस तिथेच फिटते.

३. तुमच्या गाडीत कोणतं सस्पेन्शन आहे

एका प्रकारचा उपाय दुसऱ्याला लावणं ही सगळ्यात महागडी चूक.

सरळ ॲक्सल आणि पाटे

शेव्हरोले १९५९ पर्यंत, फोर्ड एफ-१०० १९६४ पर्यंत. इथे पाटे (लीफ स्प्रिंग) ॲक्सलच्या वर बसतात, त्यामुळे मधे ठोकळा घातला तर गाडी वर जाते, खाली नाही. मार्ग तीन: पाटे कमी करणं, मुख्य पाट्याचा डोळा उलटा वळवलेला संच घेणं, किंवा मधे खोल वाकवलेला ड्रॉप ॲक्सल. पाटे काढायचे तर मुख्य पाटा आणि त्याच्या डोळ्याला वेढा घालणारा दुसरा पाटा कधीच काढायचा नाही. डोळा तुटला तर ॲक्सल जागेवर धरणारं तेवढंच असतं. शिवाय पाटे काढले की स्प्रिंग मऊ होते आणि नेमकं त्याच वेळी वरची जागाही कमी झालेली असते. म्हणून एक-दोन पाट्यांपलीकडे जाऊ नका.

ड्रॉप ॲक्सल हा स्वच्छ उपाय आहे. पाट्यांचं काम तसंच राहतं, चाकाची जागा फक्त वर सरकते. मात्र चाकासोबत स्टिअरिंग आर्मही वर येतो आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे येणारा दांडा) तिरकी होते. मग चाक वर-खाली झालं की गाडी आपोआप वळू पाहते. यावर खाली वाकवलेला स्टिअरिंग आर्म लागतो. ॲक्सलसोबत तो घेतला नसेल तर काम अर्धं राहिलं असं समजा.

फोर्डचे ट्विन आय-बीम

१९६५ पासूनच्या एफ-१०० मध्ये प्रत्येक चाकाचा बीम चासीच्या पलीकडच्या बाजूला टेकलेला असतो. गाडी खाली आली की बीमचा कोन बदलतो आणि चाक वरून आत झुकतं. किती झुकेल ते मोजता येतं: उंचीतली घट भागिले बीमच्या पिव्होटपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, गुणिले ५७.३. अंतर ४० इंच धरलं तर २ इंचांना जवळपास ३ अंश कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव). एवढ्या कॅम्बरवर टायरची आतली कड थोड्याच दिवसांत तारा दाखवते.

त्यामुळे इथे निव्वळ छोटी स्प्रिंग १ इंचापर्यंत चालते, तीही अलाइनमेंटमध्ये सावरता येत असेल तर. त्यापुढे ड्रॉप बीम घ्या. किंगपिनच्या गाडीत कॅम्बर फिरवायला सोयीची जागाच नसते. बीम थंड अवस्थेत वाकवून कॅम्बर आणायची जुनी पद्धत आहे, पण त्याला खास प्रेस आणि ते काम जाणणारा माणूस लागतो.

दुहेरी आर्म आणि कॉइल स्प्रिंग

१९६३ पासूनची सी-१०. (१९६० ते १९६२ मध्ये टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे, होते, त्यांची उंची ॲडजस्टरच्या बोल्टनं बदलते. तिथे स्प्रिंगचा प्रश्न येत नाही, पण बंप स्टॉपच्या फटीचा येतोच.) इथे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक समजला की अर्धा निर्णय होतो.

ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाचा दांडा बॉल जॉइंटच्या तुलनेत २ ते २.५ इंच वर बसवलेला असतो. आर्मचे कोन, स्प्रिंग, बंप स्टॉपची फट, सगळं पूर्वीसारखंच. चाकाचा प्रवास कमी होत नाही. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डमध्ये पूर्वीपेक्षा २ ते २.५ इंच वर पोहोचतो आणि रिमची आतली बाजू टाय रॉडच्या टोकाजवळ येते. बहुतेक ड्रॉप स्पिंडल डिस्क ब्रेकसाठी असतात. सी-१० ला पुढे डिस्क १९७१ पासून आले, म्हणजे त्याआधीच्या गाडीत स्पिंडलसोबत हब, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि वेगळा व्हॉल्व्ह, एवढं सगळं हिशेबात धरा.

छोटी स्प्रिंग स्वस्त आणि सोपी, पण ती जेवढी उंची कमी करते तेवढाच वरचा प्रवास खाते. चाकाला ३ इंच जागा असलेल्या गाडीत २ इंचांची स्प्रिंग घातली की उरला १ इंच. बंप स्टॉप अर्धा कापून थोडी जागा मिळते, पण तेवढी सूट घ्यायची तर आर्म, शॉकअप आणि टायर आणखी कशाला लागत नाहीत हे आधी बघा. चालवायच्या गाडीत चाकाला वर किमान २ इंच तरी हवेत. त्याखाली गेलात तर बंप स्टॉप हीच तुमची स्प्रिंग होते.

म्हणून क्रम असा धरा: २ ते २.५ इंच हवे असतील तर स्पिंडल. ३ ते ३.५ हवे असतील तर स्पिंडल आणि १ इंचाची स्प्रिंग. नुसत्या स्प्रिंगवर ३ इंच हा पर्याय यादीतच ठेवू नका.

४. स्प्रिंग कापायची असेल तर

बरेच जण कापणारच, म्हणून पद्धत सांगणं बरं. सपाट पसरत संपणारं टोकच कापता येतं. आत वळून बारीक झालेलं टोक कापलं तर स्प्रिंग बैठकीत बसत नाही.

‘१ इंच कापलं की १ इंच खाली’ हे चूक. गाडीत बसलेल्या, वजनाखालच्या स्प्रिंगच्या दोन शेजारच्या वेढ्यांचं केंद्र ते केंद्र अंतर मोजा. एक वेढा काढला की स्प्रिंगची उंची तेवढी कमी होते. मोकळ्या स्प्रिंगचं माप घेतलं तर हिशेब चुकतो. हे अंतर १.२५ इंच आणि स्प्रिंगचं गुणोत्तर ०.५ असेल तर चाकाशी घट २.५ इंच. म्हणजे एका वेढ्यातच मर्यादा ओलांडली! पहिला काप अर्ध्या वेढ्याचा, मग बसवून, ढकलून, मापून, लागलं तरच पाव वेढा पुढे.

कापल्यावर स्प्रिंग कडक होते. ८ कार्यरत वेढ्यांतला १ गेला तर कडकपणा ८ भागिले ७, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. हे वाईट नाही. कमी प्रवासाला थोडी कडक स्प्रिंग लागतेच.

इशारा: कापायला चकती वापरा, गॅस कटर नको. स्प्रिंग तापवून ‘बसवणं’ तर मुळीच नको. तापलेल्या पोलादाची ताकद जाते, दोन बाजू दोन वेगळ्या उंचीवर थांबतात, आणि पुढे ती स्प्रिंग बसत राहते किंवा तुटते.

५. काही विकत घेण्याआधी नक्कल करा

आधी फुकटातली चाचणी टायरची. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे २८.९ इंच, २२५/७० आर १५ चा सुमारे २७.४ इंच. नुसत्या टायर बदलानं गाडी पाऊण इंच खाली येते आणि सस्पेन्शनला हात लागत नाही. कुणाकडून असा संच चार दिवस मिळाला तर लावून पाहा. भार पेलण्याचा आकडा कमी होत नाही ना, ते बघा. चारही बदलले तर स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा ५ टक्क्यांच्या आसपास जास्त दाखवेल.

मग खरी नक्कल. पुढची चासी भक्कम स्टँडवर घ्या, मागच्या चाकांना अडसर लावा, शॉकअप आणि स्प्रिंग काढा (पद्धत खाली आहे), चाक परत लावा. चाकाखाली जॅक ठेवून ते ठरवलेल्या नव्या उंचीला आणा. आता:

- स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टायर, मडगार्ड, आतला पत्रा, अँटिरोल बार (वळणावर गाडीचा कल रोखणारा दांडा) यांत कुठेही १ सेंटीमीटरहून कमी अंतर नको.
- जॅकनं चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचला आणि पुन्हा फिरवा. स्पिंडल घेणार असाल तर चाक त्याहून २.५ इंच वर जाणार, हे लक्षात ठेवून वरची जागा बघा.
- चाक पूर्ण खाली सोडा. ब्रेकचा होज ताणला जातो का? स्प्रिंग छोटी असेल तर या अवस्थेत ती बैठकीतून सुटून हलते का?
- पूर्ण वर आणि पूर्ण खाली, अशा दोन्ही अवस्थांत शॉकअपच्या दोन माउंटमधलं अंतर लिहा. नवा शॉकअप दाबल्यावर पहिल्या मापापेक्षा लहान आणि ताणल्यावर दुसऱ्यापेक्षा मोठा हवा. बंप स्टॉपच्या आधी शॉकअप तळाला लागला तर तो आठवड्यात संपतो.

याच वेळी ‘टो’ किती बदलतो तेही मोजा (टो म्हणजे वरून पाहता चाकाचं पुढचं टोक किती आत-बाहेर वळलंय ते). ब्रेक ड्रम किंवा डिस्कला सरळ पट्टी बांधा, स्टिअरिंग कुलूपबंद ठेवा आणि चाक १-१ इंचानं वर-खाली करत पट्टीच्या पुढच्या-मागच्या टोकाचं एका स्थिर रेषेपासूनचं अंतर लिहा. २ इंच प्रवासात एका चाकाचा टो १/८ इंचाहून जास्त फिरला तर खडबडीत रस्त्यावर गाडी भटकेल. तो दोष अलाइनमेंटनं जात नाही, टाय रॉड किंवा स्टिअरिंग आर्मची उंची बदलावी लागते.

शेवटी रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूंतून दोरी ताणा: एका रिमच्या तळापासून दुसऱ्याच्या तळापर्यंत. आर्म, क्रॉसमेंबर (चासीची आडवी तुळई), सायलेन्सर, काहीही या रेषेखाली असेल तर टायर फुटल्यावर तेच रस्त्याला घासेल. हा नियम वाकवायचा नाही.

६. मागचं विसरू नका

फक्त नाक खाली आलं की चासी पुढे कलते आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो. ११५ इंच व्हीलबेसच्या गाडीत (१९६७ ते १९७२ ची आखूड हौद्याची सी-१०) पुढून २ इंच काढले की कल १ अंश, म्हणजे कॅस्टरही १ अंश गेला. जुन्या गाड्यांत मुळातच कॅस्टर थोडा. रेडियल टायरला साधारण २ ते ४ अंश हवा, नाहीतर स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी हलकी लागते. सरळ ॲक्सलमध्ये पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, सी-१० मध्ये शिमांनी, पण शिमांना मर्यादा आहे.

७. नाही म्हणण्याच्या वेळा

गाडी नियमित ओझं वाहते किंवा ट्रेलर ओढते. चाकाला आजच २ इंचांहून कमी जागा आहे आणि ड्रॉप स्पिंडल किंवा ॲक्सल घ्यायचा नाही. किंगपिन ढिले आहेत आणि ते बदलायचा बेत नाही. गाडी मूळ अवस्थेत, मूळ सुट्या भागांसह आहे: इथे निदान कायमचा बदल, कापणं-वेल्डिंग करू नका, जुने भाग जपून ठेवा. तुमच्या भागात उंची किंवा सस्पेन्शन बदलाचे नियम असतील तर तेही कामाआधी बघा.

८. ठरलंच तर कामाचा क्रम (दुहेरी आर्म आणि कॉइल स्प्रिंगच्या गाडीसाठी)

१. स्टिअरिंग सरळ, मागची चाकं अडवलेली, चासी दोन स्टँडवर. नुसत्या जॅकवर कधीही नाही.
२. चाक, कॅलिपर (होजवर लटकवू नका, तारेनं बांधा), अँटिरोल बारची लिंक, शॉकअप.
३. खालच्या आर्मखाली जॅक लावून वजन घ्या. स्प्रिंग आणि आर्ममधून साखळी घालून चासीला बांधा, शक्यतो आत बसणारा स्प्रिंग कॉम्प्रेसरही लावा.
४. बॉल जॉइंटचा नट २-३ आटे सैल करा, पूर्ण काढू नका. सांधा ठोकून सुटल्यावर आर्म जॅकवरच राहायला हवा. मग नट काढा आणि जॅक अगदी हळू उतरवा.
५. नवं स्प्रिंग किंवा स्पिंडल बसवा. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत नीट टेकलं की नाही ते हातानं चाचपून बघा.
६. बॉल जॉइंटचा नट ठरलेल्या टॉर्कला आवळा. कॉटर पिनचं (नट फिरू न देणारी पिन) भोक जुळत नसेल तर आणखी घट्ट करून जुळवा, सैल करून कधीच नाही.
७. दुसरी बाजू. दोन्ही बाजू एकाच वेळी उघडू नका, चूक झाल्यावर बघायला नमुना उरत नाही.

इशारा: दबलेल्या स्प्रिंगच्या समोर किंवा वाकून आत बघत काम करू नका. ती सुटली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

रबर बुशच्या आर्मचे बोल्ट हवेत आवळले की गाडी खाली आल्यावर रबर कायमचा पिळलेला राहतो. उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतात. हे बोल्ट हातानं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, पुढे-मागे ढकला आणि मग आवळा. इथे घाई करणारे फार.

९. बसू द्या, मग अलाइनमेंट

काम संपलं की टो अंदाजे तरी सरळ करून घ्या, नाहीतर अलाइनमेंटला जाईपर्यंतच टायर खाल्ले जातात. नवी स्प्रिंग काहीशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, म्हणून पूर्ण अलाइनमेंट त्यानंतर. रोजच्या वापरासाठी कॅम्बर शून्य ते उणे अर्धा अंश, कॅस्टर वर सांगितल्याप्रमाणे आणि दोन्ही बाजूंना जवळपास सारखा, टो-इन एकूण १/१६ ते १/८ इंच. एवढं जमत नाही असं सांगितलं तर कोणत्या बाजूचा कोणता आकडा अडतोय ते लिहून घ्या. एकाच बाजूचा अडत असेल तर आर्म, क्रॉसमेंबर किंवा चासी वाकलेली असण्याची शक्यता जास्त.

पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि सगळे नवे बोल्ट पुन्हा तपासा. बंप स्टॉपवर आणि टायरच्या बाहेरच्या कडेला खडू फासून एक नेहमीचा खडबडीत रस्ता घ्या. परत आल्यावर कुठला खडू पुसला ते बघा: बंप स्टॉपवरचा सगळाच गेला असेल तर वरची जागा कमी पडते आहे, टायरवरचा गेला असेल तर मडगार्डची आतली कड. हेडलाइटचा झोत नाकासोबत खाली आलेला असतो, तोही परत लावून घ्या.